खोलता येणारी गाडी

स्वस्तातली जुनी छोटी मोटार घ्यायची आणि सुट्टीच्या दिवशी घरासमोर बॉनेट उघडून ती आपल्या हातांनी चालती ठेवायची, या सोलापुरी रिवाजाचे कारण विचारले तर उत्तर एका शब्दात मिळते: काटकसर. शहर गिरणीकामगारांचे, यंत्रमागवाल्यांचे, विडी वळणाऱ्या बायांचे. पैसा बेताचा, म्हणून गाडी जुनी. मिस्त्रीला द्यायला पैसे नाहीत, म्हणून पाना स्वतःच्या हातात. हे उत्तर खोटे नाही, पण त्याने अर्धाच उलगडा होतो. माणूस जुनी गाडी का घेतो हे काटकसरीवरून कळते. ती तो चालती ठेवू कसा शकतो, हे कळत नाही. इच्छा आणि ऐपत यांच्यामध्ये आणखी काही लागते. या लेखाचा दावा असा की सोलापुरात ते ‘आणखी काही’ चार गोष्टींनी पुरवले: वर्षानुवर्षे न बदललेला गाडीचा नमुना, शहरातच असलेली लेथ आणि बोअरिंगची दुकाने, जुने यंत्र विकत घेऊन त्यावर धंदा उभारण्याची मागवाल्यांची रीत, आणि मालकाच्या हाताला मज्जाव न करणारी कारखानदारांची व सरकारची वागणूक. या चार गोष्टी होत्या तोवर हा रिवाज टिकला. त्यांतल्या काही सैल पडल्या तसा तो आटत गेला, आणि त्या काळात शहर काही श्रीमंत झाले नव्हते.

सुरुवात सोलापूरच्याच माणसापासून करावी लागते. वालचंद हिराचंद दोशी यांचा जन्म २३ नोव्हेंबर १८८२ चा, सोलापूरचा. रेल्वेच्या ठेकेदारीत त्यांचे पहिले पाऊल पडले ते लक्ष्मणराव फाटक यांच्या भागीदारीत, बार्शी लाइट रेल्वेच्या कामावर. पुढे जहाजे, विमाने आणि साखर यांच्या जोडीला त्यांनी मोटारीचा ध्यास घेतला आणि १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली. कुर्ल्याच्या कारखान्यात आधी क्रायसलरच्या गाड्या जोडल्या गेल्या आणि १९५० च्या दशकात फियाट आली. १९५३ साली टॅरिफ कमिशनने शिफारस केली की नुसती जुळणी करणाऱ्यांना येथे जागा नाही, सुटे भाग येथे बनवण्याचा कार्यक्रम असेल त्यानेच थांबावे. फोर्ड आणि जनरल मोटर्स यांनी गाशा गुंडाळला. मोटारींच्या बाजारात मुख्यतः तीन नावे उरली: कलकत्त्याकडची हिंदुस्थान मोटर्स, मुंबईची प्रीमियर आणि मद्रासची स्टँडर्ड. परदेशी गाड्यांची आयात जवळजवळ बंद, उत्पादन परवान्यात जखडलेले. १९७० च्या दशकात साऱ्या देशात मिळून वर्षाला पन्नास हजार मोटारीही तयार होत नव्हत्या. नाव नोंदवून वर्षे मोजावी लागत. १९५९ च्या नियंत्रण आदेशाने नव्या गाडीच्या विक्रीवर आणि वाटपावर सरकारी बंधने आली आणि हाती आलेली गाडी बाजारात छापील किमतीहून जास्त दराने खपू लागली. जुन्या गाडीला इतका भाव असेल, तर ती मोडीत काढणे हा मूर्खपणाच ठरतो. दुरुस्तीची पहिली प्रेरणा या टंचाईतून आली आणि ती टंचाई गरिबांपुरती नव्हती.

काटकसरीच्या स्पष्टीकरणाला पहिला तडा जातो तो येथेच. त्या काळात सोलापुरात फियाट कोणाकडे असणार? मागांचे मालक, कापडाचे व सुताचे व्यापारी, डॉक्टर, वकील यांच्याकडे. गिरणीतला कामगार सायकलवर होता. म्हणजे ज्या पिढीने घरी गाडी खोलण्याची रीत पाडली ती शहरातली सर्वांत गरीब पिढी नव्हती. उलट तिच्याकडे नवी गाडी घेण्याइतके पैसे पुष्कळदा होतेही, पण नवी गाडी नव्हती. कमतरता पैशाची कमी आणि मालाची जास्त होती. शिवाय सर्वसामान्य माणसाला मोटारीसाठी बँकेचे कर्ज मिळणे दुरापास्त होते. अशा वेळी मोडकी गाडी कमी पैशात घ्यायची आणि उरलेली किंमत महिन्या-दोन महिन्यांनी थोड्या सुट्या भागांच्या आणि पुष्कळशा श्रमांच्या रूपाने चुकती करायची, हाच काय तो हप्ता होता. बँकेऐवजी तो इंजिनाकडे जमा होत असे, एवढेच.

असा हप्ता भरता येईल अशी गाडीही असावी लागते. फियाट ११०० ही तशी होती. चार सिलिंडरचे १०८९ सीसीचे इंजिन, पुढे इंजिन, मागच्या चाकांना गती, स्टिअरिंगच्या दांड्याला लावलेला गिअरचा दांडा, मागे पट्ट्यांच्या कमानी. बॉनेट उघडले की इंजिनाच्या दोन्ही बाजूंना हात घालायला जागा. ठिणगी द्यायला डिस्ट्रिब्युटरमधले पॉइंट आणि कंडेन्सर, पेट्रोल-हवेचे मिश्रण करायला कार्ब्युरेटर, म्हणजे बिघाड झाला तर तो डोळ्यांना दिसणारा किंवा कानांना ऐकू येणारा. प्लग काढून त्याच्या टोकाचा रंग पाहिला की मिश्रण जाड आहे की पातळ ते कळे. काळा काजळीचा थर म्हणजे पेट्रोल जास्त, पांढुरके टोक म्हणजे कमी. फीलर गेजच्या पात्याने टॅपेटचा गॅप लावता येई. हेड उतरवून व्हॉल्व्ह घासायचे, कार्बन खरवडायचा आणि नवे गॅस्केट टाकून नट आतून बाहेर, क्रमाने आवळायचे, हे काम धीराच्या माणसाला दोन सुट्ट्यांत जमणारे होते. सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे हा नमुना बदलला नाही. ११०० डी हा नमुना इटलीत १९६० च्या दशकातच बंद झाला. येथे त्याचे नाव १९७० च्या दशकात प्रीमियर पद्मिनी झाले, तरी पोटातले यंत्र जवळपास तेच राहिले आणि ते २००० सालाच्या आसपासपर्यंत निघत होते. स्पर्धेच्या अभावावर टीका करताना या तीन-साडेतीन दशकांच्या साचलेपणाला आपण नावे ठेवतो आणि ते योग्यच आहे. पण त्याच साचलेपणाचा दुसरा परिणाम असा की बापाने शिकलेले मुलाला उपयोगी पडले, एका गाडीचा भाग दुसरीला बसला, आणि भंगारातल्या गाडीलाही सुट्या भागांच्या रूपाने किंमत राहिली.

इंग्लंडात याच सुमारास घरच्या घरी गाडी दुरुस्त करण्याचे ज्ञान पुस्तकातून पसरत होते. १९६६ साली जॉन हेन्स यांनी गाडी पूर्ण खोलून पुन्हा जोडत काढलेल्या छायाचित्रांचे पहिले वर्कशॉप मॅन्युअल प्रसिद्ध केले आणि पुढे प्रत्येक गाडीसाठी एक पुस्तक अशी परंपरा झाली. मराठीत तशी परंपरा झाली नाही. येथे ज्ञान तोंडी राहिले: मिस्त्रीकडून मालकाकडे, मालकाकडून शेजाऱ्याकडे. तोंडी ज्ञानाला मर्यादा असतात. त्यात चुका तशाच पुढे जातात, आणि नमुना पटापट बदलत गेला तर ते कालबाह्यही लवकर होते. म्हणूनच न बदलणारी गाडी येथे इंग्लंडपेक्षा अधिक गरजेची होती. तिकडे नवा नमुना आला की नवे पुस्तक येई. येथे नवे ज्ञान तयार व्हायला माणसाच्या हाताखालून बऱ्याच गाड्या जाव्या लागत.

आता दुसरी आणि तिसरी गोष्ट, म्हणजे शहर. सोलापुरात यंत्राशी ओळख मोटारीने करून दिली नाही. ‘जुनी मिल’ या नावाने लोकांच्या तोंडी बसलेली सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनी १८७७ साली चालू झाली. पुढे नरसिंग गिरजी, विष्णू, लक्ष्मी अशा गिरण्या आल्या. गिरणी म्हटली की जॉबर आले, फिटर आले, टर्नर आले; बॉयलर, शाफ्टिंग, बेअरिंग आले. त्याच वेळी तेलंगणातून आलेल्या पद्मशाली कुटुंबांनी पूर्व भागात घरोघरी हातमाग चालवले आणि स्वातंत्र्याच्या आगेमागे त्यांच्यातले पुष्कळ जण यंत्रमागाकडे वळले. यंत्रमागाचा इतिहास हा जुन्या यंत्राचा इतिहास आहे. गिरण्यांनी मोडीत काढलेले साधे माग भिवंडी, मालेगाव, इचलकरंजी आणि सोलापूर अशा केंद्रांनी विकत घेतले आणि ते पुढे कित्येक दशके चालवले. माग घरात किंवा घराला लागून असलेल्या शेडमध्ये. तो बंद पडला की त्या पाळीची मजुरी बंद, म्हणून दुरुस्ती आजच्या आज आणि जवळच व्हायला हवी. धोटा अडकला, पिकिंगचा दांडा तुटला, गिअरचा दात गेला, की कारखान्यातून नवा भाग मागवत बसायला वेळ नसे. कोपऱ्यावरच्या लेथवर तो करून घ्यावा लागे. ज्या घराने असे चार-सहा जुने माग चालवून चादरी आणि टॉवेल काढले, त्या घराला जुनी मोटार घेण्यात धाडस वाटले नाही. यंत्र जुने आहे म्हणजे ते निकामी आहे, हे समीकरणच त्या घरात नव्हते. सोलापूरच्या गॅरेजमध्ये तेलकट हात पुसायला जे सुताचे वेस्ट असते, ते मागावरचेच उरलेले सूत. दोन धंद्यांचा संबंध इतका जवळचा होता.

मोटारीच्या मालकाने घरी काय केले आणि बाहेर काय करून घेतले, हे नीट वेगळे केले नाही तर ‘घरची दुरुस्ती’ हा शब्दप्रयोग फसवा ठरतो. घरी होई ते खोलणे, धुणे, तपासणे, जुळवणे: ऑइल बदलणे, पॉइंट घासून गॅप लावणे, कार्ब्युरेटरचे जेट फुंकणे, ब्रेक शू बदलणे, पंखा-पट्टा ताणणे. पण सिलिंडर झिजला की ब्लॉक रिबोअरिंगला न्यावा लागे, क्रँक ग्राइंडिंगला, रेडिएटर डाग द्यायला. कुजलेला पत्रा कापून नवा जोडण्यासाठी वेल्डर लागे. हे जड काम करणारी दुकाने केवळ मोटारींच्या भरवशावर टिकली नसती, कारण मोटारी होत्याच किती? ती टिकली कारण त्यांना दुसरी गिऱ्हाइके होती. जिल्हा विहिरीच्या पाण्यावर आणि उसावर जगणारा. पंपांची डिझेल इंजिने, ट्रॅक्टर, साखर कारखान्यांची वाहतूक यांना बोअरिंग लागतेच. पुणे-हैदराबाद आणि सोलापूर-विजापूर हे रस्ते येथे मिळतात, म्हणून ट्रकांची रांग बारमाही. शहरात माग, आणि जिल्ह्यात कुर्डुवाडीला बार्शी लाइटच्या काळापासूनचा रेल्वेचा दुरुस्तीचा कारखाना. या सगळ्यांनी मिळून टर्नर-फिटरांचा वर्ग पोसला आणि आयटीआयने पुढे त्याला प्रमाणपत्रे दिली. फियाटवाला त्या दुकानाचे लहानसे, अधूनमधून येणारे गिऱ्हाईक होता. मोठ्या कामांसाठी बसवलेल्या लेथवर त्याचे छोटे काम स्वस्तात होऊन जाई. म्हणजे घरासमोरची ती एकटी गाडी मुळात एकटी नव्हती. तिच्यामागे संपूर्ण जिल्ह्याची यंत्रे उभी होती.

यावर आक्षेप येईल की यात सोलापूरचे वेगळेपण काय? भारतातल्या कुठल्याही शहरात हेच घडले. आक्षेप मान्य आहे, कारण वेगळेपणाचा दावा येथे केलेलाच नाही. अटी जुळल्या की रिवाज उभा राहतो, असे म्हणणे आहे. आणि तसे असेल तर तो इतरत्रही दिसायलाच हवा. तो दिसतो. पूर्व जर्मनीत ट्राबांटसाठी दहा-दहा वर्षे थांबावे लागे आणि तिथेही मालक सुटे भाग साठवून गाडी स्वतः जुळवत. क्यूबात १९६० नंतर अमेरिकी गाड्या येणे थांबले आणि आधीच्याच गाड्या पिढ्यान्‌पिढ्या चालवल्या गेल्या. महाराष्ट्रातले याहून बोलके उदाहरण इचलकरंजीचे आहे. यंत्रमागांच्या त्या गावात शंकरराव कुलकर्णी यांनी १९४० च्या दशकाच्या अखेरीपासून १९७० च्या दशकाच्या मध्यापर्यंत ‘मीरा’ नावाच्या छोट्या स्वस्त मोटारीचे एकामागून एक नमुने बनवले. ती कारखान्यातून कधी निघाली नाही, तो मुद्दा वेगळा. पण औपचारिक अभियांत्रिकी शिक्षण नसलेला माणूस मागांच्या गावात मोटार बनवायला धजतो, याचे कारण त्याच्या प्रतिभेइतकेच त्याच्या भोवतालच्या लेथ, ओतकाम आणि फिटर यांच्यातही आहे. सोलापूरचा उपयोग एवढाच की तेथे गिरणी, माग, महामार्ग, पंप आणि भारतीय मोटारीच्या जनकाचे जन्मगाव हे सारे एकाच नकाशावर सापडते, आणि कारणे एकमेकांत कशी गुंतली ते पाहता येते.

१९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० रस्त्यावर आली तेव्हा हा रिवाज संपेल असे वाटायला जागा होती. जपानी बनावट, तीन सिलिंडरचे ७९६ सीसीचे आडवे बसवलेले इंजिन, पुढच्या चाकांना गती, सगळे आटोपशीर आणि दाटीवाटीचे. पण झाले उलटेच. साडेसहाशे किलोंच्या आसपासची ही हलकी गाडी पूर्वीच्या फियाटपेक्षा कमी बिघडे आणि बिघडली तरी कार्ब्युरेटर, पॉइंट, प्लग ही ओळखीची मंडळी तिच्यातही होती. १९८६ चा नमुना किरकोळ फेरफारांसह दीर्घकाळ चालला. देशात या गाड्या पंचवीस लाखांहून अधिक विकल्या गेल्या, त्यामुळे तिचा सुटा भाग तालुक्याच्या गावीही मिळू लागला. नमुन्याचे स्थैर्य आणि भागांची मुबलकता ही फियाटची देणगी ८०० ने अधिक मोठ्या प्रमाणावर दिली. १९९१ नंतर बाजार खुला झाला, १९९३ मध्ये मोटारींवरचा परवाना गेला, नव्या कंपन्या आल्या, कर्जे सोपी झाली. महानगरांतली माणसे मोठ्या गाड्यांकडे वळली आणि त्यांच्या ८०० सेकंडहँड बाजारात उतरल्या. टंचाईच्या काळात जुनी गाडी नव्याहून महाग होती, ती आता नव्याच्या पाव किमतीत आली. तेव्हा कुठे शिक्षक, कारकून, दोन-चार मागांचा मालक, गिरणी सुटल्यावर दुकान टाकलेला कामगार यांच्या दारी मोटार आली. काटकसरीचे स्पष्टीकरण लागू पडते ते मुख्यतः या दुसऱ्या पर्वाला. पण या पर्वातल्या माणसाने घरी गाडी खोलण्याची रीत शोधून काढली नाही. ती पहिल्या पर्वाने तयार करून ठेवलेली होती.

वेगळेपणाच्या आक्षेपाहून अधिक गंभीर आक्षेप हवेचा आहे, आणि तो सोलापूरच्या बाबतीत सैद्धांतिक नाही. २००३ साली सर्वोच्च न्यायालयाने हवेतल्या धूलिकणांनी बेजार झालेल्या शहरांचा प्रश्न हाती घेतला तेव्हा त्या यादीत सोलापूर होते. १ एप्रिल २०१० पासून भारत स्टेज ४ ची मानके ज्या १३ शहरांत लागू झाली, त्यांत दिल्ली, मुंबई, कोलकाता, चेन्नई यांच्या पंक्तीला सोलापूरही बसले. मारुतीने ८०० चे इंजिन त्या मानकापर्यंत नेले नाही, म्हणून त्या दिवसापासून या शहरांत नवी ८०० विकणे थांबले. इतरत्र ती आणखी जवळजवळ चार वर्षे, जानेवारी २०१४ मध्ये उत्पादन संपेपर्यंत निघत राहिली. म्हणजे देशातल्या कितीतरी मोठ्या शहरांना जी स्वस्त गाडी नवी मिळत होती, ती सोलापूरकराला केवळ जुनीच मिळू शकत होती. आक्षेपाचे म्हणणे असे की हे योग्यच झाले, आणि घरी पानेपक्कड घेऊन बसलेला हौशी माणूस धूर सोडणारी यंत्रे जिवंत ठेवतो. यातला खरा भाग नाकारता येत नाही. जिच्यात उत्प्रेरक बसवलेलाच नाही त्या गाडीत तो मालकाच्या कौशल्याने उगवत नाही. कार्ब्युरेटर कितीही नीट लावला तरी इंधनाचे माप तो संगणकाइतके अचूक देऊ शकत नाही. आणि कुजलेल्या तळाच्या पत्र्यावर पत्रा जोडून चालवलेली गाडी अपघातात काय करील, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही. या रिवाजाचे गोडवे गाणाऱ्याने ही किंमत हिशेबात धरलीच पाहिजे.

तरीही त्या नियमाने नेमके काय साधले ते पाहावे. त्याने नव्या ८०० ची विक्री रोखली. जुन्या गाड्या आणि महामार्गावरून जाणारे ट्रक यांना तो लागू नव्हता, रस्त्याकडेच्या धुळीचा तर प्रश्नच नाही. जुन्या गाडीच्या बाबतीत हवेचे हित जिथे साधता येते ती जागा म्हणजे देखभाल. झिजलेल्या रिंगांमुळे तेल जाळणारे इंजिन आणि रिबोअर करून नव्या रिंगा टाकलेले इंजिन यांच्या धुरात जमीन-अस्मानाचा फरक असतो. पेट्रोल जास्त ओढणारा कार्ब्युरेटर वेळीच लावला तर कार्बन मोनॉक्साइड उतरतो, आणि पीयूसीची चाचणी नेमके तेच मोजते. चांगली दुरुस्ती प्रदूषणाची शत्रू आहे. प्रदूषणाची मैत्रीण आहे ती वाईट, अर्धवट दुरुस्ती. धोरण म्हणून दोन वाटा होत्या. जुनी गाडी हळूहळू महाग करून बाहेर ढकलणे ही एक, आणि दुरुस्तीचा दर्जा वाढवणे ही दुसरी. सरकारने पहिली निवडली. पंधरा वर्षे झालेल्या खासगी मोटारीच्या फेरनोंदणीचे शुल्क १ एप्रिल २०२२ पासून ६०० रुपयांवरून ५,००० रुपये झाले. लाखाची गाडी बाळगणाऱ्याला ही रक्कम क्षुल्लक आहे, पण ज्याची गाडीच काही दहा हजारांची आहे त्याला ती इंजिन उतरवून करायच्या कामाच्या तोडीची वाटते.

आता कसोटीचा प्रश्न. रिवाज आटला तो कशामुळे? काटकसर हेच मूळ कारण असते तर तो आटायला नको होता, कारण विडी आणि यंत्रमाग यांवर जगणाऱ्या शहराची मिळकत काही एकदम उंचावली नाही. उलट गिरण्या बंद पडल्या. आटण्याची कारणे मुख्यतः त्या चार अटींत सापडतात. २००० च्या सुमारास कार्ब्युरेटर जाऊन एमपीएफआय आले, म्हणजे इंधन आणि ठिणगी दोन्हींचा कारभार एका बंद डबीतल्या संगणकाकडे गेला. बिघाड आता डोळ्यांना दिसत नाही; स्कॅनर लावला तरच तो बोलतो, आणि स्कॅनरची पूर्ण भाषा कंपनीकडे. नमुने तीन-चार वर्षांनी बदलू लागले, त्यामुळे तोंडी ज्ञान शिळे होऊ लागले. पूर्वी श्रमाच्या रूपाने भरला जाणारा हप्ता आता वित्तकंपनीकडे भरता येऊ लागला, निदान ज्याच्याकडे पगाराची पावती आहे त्याला. आणि चौथी अट, मालकाच्या व स्थानिक मिस्त्रीच्या हाताला असलेली मोकळीक, ती किती आवळली गेली याचा सरकारी पुरावाच आहे. २५ ऑगस्ट २०१४ रोजी भारतीय स्पर्धा आयोगाने १४ मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. कारण एवढेच की अस्सल सुटे भाग, तांत्रिक माहिती आणि तपासणीची साधने त्या खुल्या बाजाराला, स्वतंत्र गॅरेजांना देत नव्हत्या. प्रकरण पुढे अपिलांत गेले. पण वस्तुस्थिती नोंदली गेली: दुरुस्ती अवघड झाली ती केवळ यंत्र गुंतागुंतीचे झाल्याने नाही, तर माहिती अडवून धरल्यानेही.

यावर शेवटचा आक्षेप असा येतो की आजच्या गाड्या बिघडतच नाहीत, मग हे कौशल्य हवेच कशाला? नव्या गाड्या कमी बिघडतात हे खरे आहे. पण त्या जुन्या व्हायच्या थांबलेल्या नाहीत. आज शोरूममधून निघणारी गाडी बारा वर्षांनी तिसऱ्या मालकाकडे, सोलापूर किंवा अक्कलकोटच्या एखाद्या घरी पोचेलच, आणि तिचा सेन्सर किंवा कंट्रोल युनिट गेले तर एका भागाची किंमत अख्ख्या गाडीच्या किमतीला टेकेल. तेव्हा ती भंगारात जाईल. तिचे इंजिन धडधाकट असेल, पत्रा धड असेल, तरीही जाईल. पद्मिनी अशी कधी गेली नाही. तिचा एकही भाग तिच्याहून महाग नव्हता. ‘कौशल्यच उरले नाही’ ही तक्रारही टिकत नाही. १९९२ साली सोलापुरात स्थापन झालेली प्रिसिजन कॅमशाफ्ट्स ही कंपनी देशोदेशींच्या मोठ्या मोटार कंपन्यांना कॅमशाफ्ट पुरवते, म्हणजे इंजिनाच्या श्वासोच्छ्वासाचा क्रम ठरवणारा, मिलिमीटरच्या बारीक अंशांत मापला जाणारा भाग येथे ओतला आणि घासला जातो. ज्या शहरात तो बनतो, त्या शहरातल्या हातांना तो बसवता येणार नाही असे कोणी म्हणू शकत नाही. हात आहेत, यंत्रशाळा आहेत. वाट अडली आहे ती माहितीपाशी.

म्हणून या इतिहासातून निघणारा निष्कर्ष भूतकाळाच्या आठवणींपेक्षा धोरणाशी अधिक जोडलेला आहे. टंचाई परत यावी, एकाच नमुन्याची मक्तेदारी परत यावी, असे कोणी मागणार नाही; फियाटसाठी ताटकळलेली पिढी तर नाहीच. पण टंचाईच्या त्या काळाने जे नकळत दिले ते आज कायद्याने जाणूनबुजून देता येते: सुटे भाग गाडीच्या पूर्ण आयुष्यभर मिळण्याची सक्ती, तपासणीची सॉफ्टवेअर स्वतंत्र गॅरेजला वाजवी दरात, दुरुस्तीची पुस्तिका मराठीत आणि सर्वांना खुली, आणि जुन्या गाडीवरचे शुल्क तिच्या वयाऐवजी तिच्या चाचणीतल्या धुरावर. केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने २४ डिसेंबर २०२२ रोजी दुरुस्तीच्या हक्कासाठी पोर्टल सुरू केले आणि त्यात मोटारींचा समावेश केला, ही दिशा बरोबर आहे. मात्र कंपन्यांच्या मर्जीवर चालणाऱ्या पोर्टलला हक्क म्हणता येत नाही. वालचंदांनी मोटार या देशात बनली पाहिजे यासाठी झगडा केला. बनलेली मोटार या देशातल्या साध्या मालकाला खोलता आली पाहिजे, हा त्याच झगड्याचा उरलेला अर्धा भाग आहे, आणि तो जिंकायचा तर काटकसरीचे कौतुक थांबवून अटींचा आग्रह धरावा लागेल.